मेंदूतली गाठ आणि कंप, वाकडी मान, नकळत होणाऱ्या हालचाली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हात थरथरायला लागला. मेंदूत गाठ असेल का?

बहुधा नाही. हाताच्या कंपाची कारणं ढीगभर आहेत: घराण्यात चालत आलेला इसेन्शियल ट्रेमर, पार्किन्सन्स, वाढलेला थायरॉईड, दम्याचं साल्ब्युटामॉल, फिटसाठी दिलेलं व्हॅल्प्रोएट, दारू अचानक बंद करणं. या यादीत गाठ अगदी तळाशी येते. दोन्ही हात वर्षानुवर्षं थरथरतात, कप धरताना जास्त, आईचे किंवा काकांचेही थरथरायचे आणि बाकी सगळं ठीक आहे, अशा माणसाला गाठ शोधण्यासाठी एमआरआयची गरज सहसा नसते.

नुसत्या थरथरीवरून गाठ ओळखता येत नाही. तिच्यासोबत आणखी काय आहे, ती किती वेगाने वाढते आणि शरीराच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहावं लागतं. पुढच्या बहुतेक उत्तरांचा रोख तोच आहे.

‘हालचालींचे विकार’ यात काय काय येतं?

कंप म्हणजे ठरावीक लयीतली थरथर. पार्किन्सनिझम म्हणजे मंदावलेपण, सोबत ताठरपणा किंवा स्थिर हाताचा कंप. डिस्टोनियात स्नायू आवळून मान, हात किंवा पाऊल पिळवटल्यासारखं वाकडं राहतं. कोरियात हातापायांची अनियमित, वळवळती चुळबुळ होते आणि तीच हालचाल फेकल्यासारखी जोरकस झाली की तिला बॅलिझम म्हणतात. मायोक्लोनस म्हणजे विजेच्या झटक्यासारखी क्षणिक उसळी. लकवा यात येत नाही आणि फिटही येत नाही. गोंधळ मात्र या दोघांशीच सर्वांत जास्त होतो.

हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागातच गाठ झाली, तर विकार व्हायलाच हवा ना?

तसं वाटतं खरं, पण होत नाही. मेंदूच्या खोलात बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस हे भाग हालचालींची जुळवाजुळव करतात. या दोन भागांत अ‍ॅस्ट्रोसायटोमा (मेंदूच्या आधारपेशींपासून होणारी गाठ) असलेल्या २२५ रुग्णांचा अभ्यास जर्मनीतून १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या फक्त २० जणांना हालचालींचा विकार होता. सर्वाधिक कंप, त्याखालोखाल डिस्टोनिया, कोरिया मोजक्यांनाच.

याची कारणं अनेक आहेत. ग्लायोमाच्या (वरची गाठ त्यांतलाच एक प्रकार) पेशी चेतापेशींच्या फटींतून पसरतात, त्यामुळे मूळ पेशी बराच काळ काम करत राहतात. बेसल गँग्लियात हालचालीला चालना देणारा आणि रोखणारा असे दोन मार्ग आहेत. गाठ दोन्ही मार्ग एकदम बिघडवते, तेव्हा तोल कोणत्याच बाजूला फारसा ढळत नाही. तिसरं कारण रोजच्या तपासणीत दिसतं. शेजारूनच हातापायांना ताकद पुरवणारा मार्ग जातो. तो दाबला गेला की हात लुळा पडतो आणि लुळा हात थरथरू शकत नाही. म्हणून अशा गाठीचं पहिलं लक्षण बहुतेकदा अशक्तपणा, डोकेदुखी किंवा फिट असतं.

मग पार्किन्सनसारखी लक्षणं कोणत्या गाठीमुळे होतात?

यात मेनिंजिओमाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. गंमत अशी, की ही गाठ मेंदूच्या आत नसतेच. ती मेंदूच्या आवरणातून उगवते आणि बाहेरून दाबते. कपाळामागे, डोळ्याच्या खोबणीमागच्या हाडाच्या कडेवर किंवा मध्यरेषेलगत ती वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. तिचा दाब आणि भोवतालची सूज बेसल गँग्लियापर्यंत किंवा तिथे जाणाऱ्या तंतूंपर्यंत पोचते. काही वेळा मेंदू खाली ढकलला जाऊन मध्यमस्तिष्क, म्हणजे मिडब्रेन, दाबला जातो. माणूस हळू चालतो, चेहरा निर्विकार होतो, एक हात हलेनासा होतो. ‘वय झालं’ म्हणून घरचे सोडून देतात किंवा पार्किन्सन्सच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेक मेनिंजिओमा कर्करोगाच्या नसतात आणि काढता येतात. म्हणूनच हे निदान हुकणं महागात पडतं.

पुढच्या भागातले ग्लायोमा आणि मेंदूचा लिम्फोमा (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग) यांमुळेही असा पार्किन्सनिझम होतो, पण त्यांचा वेग आठवड्यांचा किंवा थोड्या महिन्यांचा असतो. मेंदूतलं पाणी साचूनही, म्हणजे हायड्रोसेफॅलसमुळेही, हेच चित्र दिसतं. मिडब्रेनच्या पाठीमागची लहानशी गाठ पाण्याची वाट अडवते, तेव्हा गाठीचा आकार क्षुल्लक आणि लक्षणं मोठी असा प्रकार होतो. पूर्वी शंट, म्हणजे मेंदूतलं जादा पाणी वाहून नेणारी नळी, बसवलेल्या माणसात अचानक मंदपणा आला, तर आधी शंट चालतो आहे का ते पाहावं.

मिडब्रेनमधल्या गाठीची एक जुनी नोंद न्यूरोलॉजीच्या इतिहासात महत्त्वाची ठरली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या एका ३८ वर्षांच्या रुग्णाला शरीराच्या एकाच बाजूला पार्किन्सनसारखा कंप होता. ब्लॉक आणि मारिनेस्को या डॉक्टरांनी १८९३ मध्ये त्याचं वर्णन केलं. शवविच्छेदनात विरुद्ध बाजूच्या सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये (मिडब्रेनमधला काळसर भाग) क्षयाची गाठ निघाली. त्याच आधारावर फ्रेंच न्यूरोलॉजिस्ट ब्रिसो यांनी पार्किन्सन्सचं मूळ या भागात असावं, असा अंदाज मांडला.

वडिलांना पार्किन्सन्स सांगितला आहे. गाठ नाही हे कशावरून समजायचं?

आधी एक गैरसमज दूर करू. ‘एकाच बाजूला आहे म्हणजे गाठ’ हे खरं नाही. साधा पार्किन्सन्सही एकाच बाजूने सुरू होतो आणि पुढेही ती बाजू जास्त बिघडलेली राहते. शंका यावी ती वेगळ्या गोष्टींनी. त्या बाजूला मंदपणाबरोबर खरा अशक्तपणा आहे. बोलताना शब्द सापडत नाहीत. एका बाजूचं दिसत नाही. सकाळी डोकं दुखतं आणि उलटी झाली की बरं वाटतं. आयुष्यात पहिल्यांदा फिट आली. स्वभाव बदलला, म्हणजे व्यवहारी माणूस बेफिकीर झाला किंवा लघवी कुठे करावी याचं भान सुटलं. पार्किन्सन्स वर्षांच्या हिशोबाने वाढतो. काही आठवड्यांत चालणाऱ्याला आधार लागू लागला, तर ते पार्किन्सन्सचं वागणं नव्हे.

घरी करता येण्याजोगी एक तपासणी आहे. माणसाला दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर सरळ पुढे धरायला सांगा, तळवे आकाशाकडे, डोळे बंद. दहा सेकंद थांबा. एक हात आपोआप खाली येऊ लागला आणि तळवा आत वळला, तर ताकदीच्या मार्गावर काहीतरी बिघाड आहे. पार्किन्सन्समध्ये असं होत नाही. ही खूण पक्षाघातातही दिसते. हात अचानक असा पडू लागला असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. हळूहळू झालं असेल, तरी त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

‘लेव्होडोपाने (पार्किन्सन्सची मुख्य गोळी) बरं वाटलं, म्हणजे गाठ नाही’ हा तर्कही टिकत नाही. दाबामुळे झालेल्या पार्किन्सनिझममध्येही काहींना या गोळीने थोडा आराम पडतो. पुरेसा डोस महिनाभर नीट घेऊनही काहीच फरक पडला नाही, तर मात्र निदान पुन्हा तपासायला हवं.

कंप कोणत्या बाजूला आहे यावरून गाठीची जागा कळते का?

बरीचशी. मोठ्या मेंदूची उजवी बाजू बिघडली की लक्षणं शरीराच्या डाव्या बाजूला दिसतात. लहान मेंदूचं उलट आहे: उजव्या सेरेबेलममधली गाठ उजवाच हात बिघडवते. कंप कधी येतो हेही बोलकं असतं. हात मांडीवर स्वस्थ असताना येणारा कंप बेसल गँग्लियाकडे बोट दाखवतो. वस्तूजवळ पोचताना वाढणारा कंप सेरेबेलमचा. स्थिर असताना, हात उचलून धरल्यावर आणि काम करताना अशा तिन्ही वेळी येणारा, सेकंदाला साधारण चार-साडेचारपेक्षा कमी वेगाचा रांगडा कंप मिडब्रेन किंवा थॅलॅमसकडे नेतो. त्याला होम्स ट्रेमर म्हणतात. हा कंप इजेनंतर कित्येक आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उगवतो. म्हणून ऑपरेशन उत्तम झालं आणि तीन महिन्यांनी कंप सुरू झाला, तर गाठ परत आली असं लगेच धरू नये. तपासावं मात्र लागतं.

हा कंप आहे की फिट?

मेंदूत गाठ असलेल्या माणसाचा हात झटके देत असेल, तर आधी फिटचाच विचार करावा, कारण गाठीमुळे फिट येणं कितीतरी जास्त प्रमाणात आढळतं. फिट ठरावीक वेळी सुरू होते आणि थांबते, बोटांपासून हात, हातापासून चेहरा अशी सरकते आणि थांबल्यावर तो हात काही वेळ निर्जीव वाटतो. कंप, कोरिया, डिस्टोनिया दिवसभर कमीजास्त होत राहतात आणि झोपेत बहुधा थांबतात. फिट झोपेतही येते. अपवाद त्रासदायक आहेत: एकाच हाताची किंवा चेहऱ्याच्या एकाच भागाची फिट तासन्‌तास, दिवसन्‌दिवस चालू राहू शकते आणि तेव्हा माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. अशा फिटमध्ये ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, कधी सामान्यही येतो, म्हणून ‘ईईजी नॉर्मल’ एवढ्यावर प्रश्न मिटत नाही.

मोबाईलवरचा चांगला व्हिडिओ इथे फार उपयोगी पडतो. फोन आडवा धरा, संपूर्ण माणूस दिसू द्या. हात मांडीवर ठेवून अर्धा मिनिट, समोर धरून अर्धा मिनिट, नाकाला आणि तुमच्या बोटाला आलटून पालटून हात लावताना, कागदावर गोल गोल चक्र काढताना, मग पाच मीटर जाऊन वळून येताना. झटका चालू असेल तर चित्रण करत करत नाव विचारा, हात दाबायला सांगा. उत्तर मिळतं का तेही रेकॉर्ड झालं पाहिजे. झोपेतला एक मिनिटही घ्या.

लहान मुलांमध्ये काय बघायचं?

वाकडी मान हा मुलांमधला दुर्लक्षित धागा आहे. ‘अवघडली असेल’ म्हणून शेक, मलम, कॉलर यांत महिने जातात. मेंदूच्या मागच्या खोबणीतली किंवा मानेच्या वरच्या टोकाची गाठ मूल मान एका बाजूला कलती ठेवून सांगत असते. कधी दोन दोन दिसू नये म्हणून मूल मान कलती ठेवतं. मान कलती आणि सोबत सकाळच्या उलट्या, चालताना झोक जाणं किंवा नवा तिरळेपणा, असं काहीही असेल तर आधी एमआरआय करावा आणि तो होईपर्यंत मानेला मसाज किंवा झटका देऊ नये.

मान बाहुलीसारखी वरखाली डोलवणारी मुलं असतात, सेकंदाला दोन-तीन वेळा. ‘असं करू नकोस’ म्हटलं की क्षणभर थांबतात, झोपेत थांबतात, म्हणून ती सवय वाटते. मेंदूच्या तिसऱ्या पोकळीत किंवा तिच्याजवळ पाण्याची गाठ, म्हणजे अ‍ॅरॅक्नॉइड सिस्ट, क्वचित क्रॅनिओफॅरिंजिओमा (पिट्युटरी ग्रंथीजवळची गाठ) असल्यास हे दिसतं. बॉबल-हेड डॉल सिंड्रोम या नावाने त्याचं वर्णन १९६६ मध्ये झालं. डोक्याचा घेर वाढलेला असतो. दुर्बिणीतून सिस्ट उघडल्यावर डोलणं अनेकदा कमी होतं.

किशोरवयीन मुलग्यांमध्ये बेसल गँग्लियाचा जर्मिनोमा (जननपेशींपासून होणारी गाठ) सावकाश वाढतो. एक हात वाकडा राहू लागतो, अक्षर बिघडतं, अभ्यासातून लक्ष उडतं. सुरुवातीच्या एमआरआयवर गाठ दिसतही नाही, फक्त तो भाग किंचित सुकलेला दिसतो. म्हणून एकदा ‘नॉर्मल’ आलेला स्कॅन लक्षणं वाढत असतील तर काही महिन्यांनी पुन्हा करावा आणि रक्तात व पाठीच्या पाण्यात एएफपी आणि बीटा-एचसीजी ही गाठीची सूचक द्रव्यं तपासावीत. ही गाठ रेडिएशन आणि केमोथेरपीला फार चांगला प्रतिसाद देते.

बाळाचे डोळे सगळ्या दिशांना नाचतात आणि अंग थरथरतं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आहे. आता?

आता पोट आणि छाती तपासा. डोळे असे नाचणं, अंगाला झटके, बसता न येणं आणि कमालीची चिडचिड म्हणजे ऑप्सोक्लोनस-मायोक्लोनस. अशा सुमारे निम्म्या मुलांमध्ये न्यूरोब्लास्टोमा (लहान मुलांत चेतापेशींपासून होणारी गाठ) सापडतो, बहुधा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत किंवा मणक्यालगत. गाठ मेंदूत नसते. गाठीविरुद्ध तयार झालेली प्रतिकारशक्ती मेंदूवर उलटते. गाठ लहान असल्याने साध्या सोनोग्राफीत सुटते. छाती-पोट-ओटीपोटाचा एमआरआय किंवा सीटी, लघवीतील व्हीएमए-एचव्हीए (अशा गाठीतून सुटणारी द्रव्यं) आणि एमआयबीजी स्कॅन (ही गाठ शोषून घेते ते किरणोत्सारी द्रव्य देऊन काढलेलं चित्र) लागतात.

मोठ्यांमध्येही फुप्फुस, स्तन, अंडाशय इथल्या कर्करोगांमुळे अशाच वाटेने तोल जाणं किंवा कोरिया होतो. तरुणीला अचानक भ्रम, फिट आणि तोंडाच्या चावल्यासारख्या सततच्या हालचाली सुरू झाल्या, तर एनएमडीए रिसेप्टर अँटिबॉडी (मेंदूवर उलटलेली प्रतिपिंडं) तपासून अंडाशयात टेराटोमा (जननपेशींची गाठ) आहे का ते बघतात. तिला आधी मानसोपचाराकडे नेलं जातं, हे वारंवार घडतं.

डोळ्यापासून ओठापर्यंत अर्धा चेहरा फडफडतो. गाठ?

बहुतेकदा चेहऱ्याच्या नसेला चिकटलेली रक्तवाहिनी कारणीभूत असते, गाठ क्वचितच. एकदा एमआरआय करून कानामागे चेहऱ्याची नस मेंदूतून बाहेर पडते तो कोन बघून घ्यावा. त्याच बाजूला ऐकू कमी येत असेल किंवा चेहरा बधिर असेल, तर लगेच.

गाठीसारखं भासणारं, पण गाठ नसलेलं काय असतं?

इथे आपल्याकडच्या वाचकाने सावकाश वाचावं. मधुमेही व्यक्तीचा एक हात-पाय अचानक वळवळू लागला, तर एमआरआयच्या रांगेत बसण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर बघा. साखर फार वाढली की असा एकांगी कोरिया होतो. एमआरआयच्या टी-वन चित्रात बेसल गँग्लिया उजळ दिसतात, सीटीवर तो रक्तस्राव वाटू शकतो. दाब नसतो, सूज नसते. साखर आटोक्यात आली की बहुतेकांची वळवळ काही दिवसांत ते आठवड्यांत शमते.

भारतात मेंदूतली प्रत्येक गोल गाठ ट्यूमर नसते. क्षयाची गाठ आणि डुकराच्या फीतकृमीच्या अळ्यांची गाठ, म्हणजे सिस्टिसर्कोसिस, दोन्ही इथे नेहमी दिसतात. दुसरी शाकाहाऱ्यांनाही होते, कारण कृमीची अंडी न धुतलेल्या भाजीतून किंवा अस्वच्छ हातातून पोटात जातात. एचआयव्ही असलेल्या माणसाचा हात अचानक फेकला जाऊ लागला, तर टॉक्सोप्लाझ्मा (एका परजीवीचा संसर्ग) आठवावा. या सगळ्यांचे उपचार वेगळे आहेत, म्हणून अहवालातल्या ‘रिंग एन्हान्सिंग लीजन’ (कडेने कड्यासारखा उजळणारा डाग) या शब्दांवर घाबरून जाऊ नका.

आणि औषधं. अ‍ॅसिडिटीच्या गोळीत मिसळलेलं लेव्होसल्पिराइड, चक्करेचं सिनारिझिन, अर्धशिशीचं फ्लुनारिझिन, उलटीचं मेटोक्लोप्रामाइड: चारही पार्किन्सनिझम घडवतात. महिनोन्‌महिने चालू असलेली ‘गॅसची गोळी’ डॉक्टरांना दाखवा, पुडक्यासकट. बंद केल्यावरही सुधारायला काही महिने लागू शकतात.

एमआरआय कोणता आणि कसा करावा?

गाठीची शंका असेल तर कॉन्ट्रास्टसह, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन, मेंदूचा एमआरआय. कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी पाच मिनिटांत होतो, पण मागच्या खोबणीतल्या आणि लो-ग्रेड, म्हणजे हळू वाढणाऱ्या, गाठी त्यात निसटतात. कॉन्ट्रास्टच्या औषधाचं, म्हणजे गॅडोलिनियमचं, नेहमीचं प्रमाण वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिमोल. त्याआधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात. पेसमेकर, कानातलं यंत्र, मेंदूतली जुनी क्लिप यांबद्दल आधीच सांगा. साधारण पाऊण तास स्थिर पडून राहावं लागतं आणि अडचण इथेच येते. थरथरणाऱ्या डोक्याची चित्रं पुसट येतात. पार्किन्सन्सची गोळी त्या दिवशी चुकवू नका, उलट तिचा असर असण्याच्या वेळी स्कॅन ठेवा. कोरिया किंवा लहान मूल असेल तर भूल द्यावी लागते. त्यासाठी किती तास उपाशी राहायचं ते आदल्या दिवशी विचारून घ्या. चित्रं पुसट आली असतील, तर ‘नॉर्मल’ अहवाल मान्य करू नये.

एमआरआयमध्ये लहान मेनिंजिओमा दिसला. कंप त्यानेच का?

असेलच असं नाही. रॉटरडॅममधल्या मोठ्या पाहणीत धडधाकट वाटणाऱ्या मध्यमवयीन आणि वृद्धांपैकी ०.९ टक्के लोकांत मेनिंजिओमा योगायोगाने सापडला. म्हणजे पार्किन्सन्स आणि गाठ एकाच डोक्यात शेजारी राहू शकतात. गाठ लक्षणांच्या विरुद्ध बाजूला आहे का, बेसल गँग्लिया किंवा मिडब्रेन खरोखर दबलेला दिसतो का, भोवती सूज आहे का, यावर निर्णय होतो. डोक्याच्या वरच्या टोकाला एक सेंटिमीटरची, सूज नसलेली गाठ काढून पार्किन्सन्स जाणार नाही. अशा गाठीवर लक्ष ठेवणं पुरतं.

उपचाराने हालचाली सुधारतात का?

दाबणारी मेनिंजिओमा काढली की पार्किन्सनिझम अनेकांचा सुधारतो, कुणाचा दिवसांत, कुणाचा महिन्यांत. साचलेलं पाणी वाट मिळून ओसरलं, तरी तसंच. आत घुसलेल्या ग्लायोमात अंदाज अवघड असतो. तिथे आधी सुईने बायोप्सी, मग शक्य तेवढी शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमोथेरपी. डिस्टोनिया सर्वांत चिवट. उरलेल्या विकारासाठी डिस्टोनियाला बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देतात. असर आठवड्याच्या आत सुरू होतो, साधारण तीन-चार महिने टिकतो आणि पुन्हा द्यावं लागतं. कोरियासाठी टेट्राबेनाझिन वापरतात. त्याने मन खिन्न होऊ शकतं, घरच्यांनी लक्ष ठेवावं.

स्टेरॉईड लगेच सुरू करावं का?

डेक्सामेथासोन सूज उतरवतं, एक-दोन दिवसांत फरक दिसतो. पण लिम्फोमा किंवा जर्मिनोमाची शंका असेल तर जीव धोक्यात नसताना बायोप्सीआधी ते देऊ नये. गाठ तात्पुरती विरघळते आणि तुकड्यात निदान सापडत नाही. मधुमेहींची साखर त्याने भडकते. आठवड्यांनंतर जिना चढता येईनासा झाला, तर मांडीचे स्नायू स्टेरॉईडने अशक्त झाले असतील. ते आपल्या मनाने एकदम बंद करू नका, डोस उतरवत न्यायचा असतो.

उलट्या होत असतील तर मेटोक्लोप्रामाइडऐवजी डॉम्पेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉनबद्दल विचारा. मुलांत आणि तरुणांत मेटोक्लोप्रामाइडच्या एका इंजेक्शननेही मान वळून डोळे वर जातात आणि सगळे गाठीला दोष देतात.

खाजकुइलीचं चूर्ण घेतलं तर चालेल का?

खाजकुइलीच्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. त्यामुळे ते निरुपद्रवी नाही. गोळ्यांसोबत घेतलं तर एकूण डोस वाढतो, मळमळ होते, अंग वळवळू लागतं आणि चूर्णाचा डोस प्रत्येक पुडीत वेगळा. गाठीवर त्याचा काहीच परिणाम नाही.

कधी वाट बघायची नाही?

पाच मिनिटांपेक्षा लांबलेली फिट, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी आणि वाढती गुंगी, डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा आकार वेगळा, शंट असलेल्या मुलाची सुस्ती. १०८ ला फोन करा आणि न्यूरोसर्जन व सीटी असलेल्या रुग्णालयातच जा.

मोठ्या केंद्रात जाताना काय न्यावं?

एमआरआयची सीडी. नुसत्या फिल्मवरून न्यूरोसर्जनला गाठीच्या कडा मोजता येत नाहीत आणि स्कॅन पुन्हा करायला लागतो. बायोप्सी झाली असेल तर अहवालासोबत पॅथॉलॉजीच्या काचा आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या, टाटासारख्या रुग्णालयात ते पुन्हा तपासले जातात. लक्षणं कोणत्या महिन्यात सुरू झाली, कोणती औषधं किती दिवस घेतली हे एका पानावर लिहा, वर्षभरापूर्वीच्या सहीचा आणि आजच्या सहीचा नमुना जोडा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत कवच आहे. पूर्वपरवानगी शस्त्रक्रियेआधी लागते, म्हणून रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होण्याच्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.